यंदाच्या ड्यूकची सही

फोंतेनब्लो, १४ ऑक्टोबर १७६६

पेरीन बाळा,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. बस आधी. बसलीस? मग ऐक. तू राजाच्या नाटकमंडळीत येणार आहेस!

हो, तूच! दरबार शिकारीसाठी इथे आलाय, म्हणून आमची मंडळीही पेटाऱ्यांसकट इथेच आहे, आणि मी नेहमीसारखी पडद्यामागे, तोंडात टाचण्या धरून. नाटकात मोलकरणींच्या भूमिका करणारी आमची थोरली बाई आता नाटक सोडते म्हणते. म्हणजे ड्यूकसाहेबांनी सोडू दिलं तर. त्यांना विचारल्याशिवाय या मंडळीत कुणी येत नाही, कुणी जात नाही. परवा आमच्या नायकाने गुलाबी पायमोजे घालायला नकार दिला. तासाभरात ड्यूकांचा चार ओळींचा कागद आला आणि स्वारी गुलाबी मोजे घालून मुकाट उभी राहिली. मी इतकी हसले की टाचणी गिळायची बाकी होती.

तुला ठाऊकच आहे, राजाच्या खासगीतले चार ड्यूक पाळीपाळीने एकेक वर्ष आमचे धनी असतात. यंदाच्या ड्यूकांच्या कानावर तुझं नाव गेलंय. कसं गेलं ते विचारू नकोस, कीर्ती काय, पसरते. त्यांचे कारकून मुस्ये प्लुव्हिने यांनी मला मसुदाच दाखवला: राजाच्या हुकमावरून पेरीन ओदुएँ हिने पॅरिसला यावे आणि रंगमंचावर उतरून दाखवावे. या कागदापुढे तुमच्या रुआँच्या नाटकमंडळीच्या मॅनेजरचा करार म्हणजे चुलीत घालायचा कागद. त्याला काय थयथयाट करायचाय तो करू दे.

सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पोरींच्या चोळ्यांच्या नाड्या आवळतेय. आता माझ्या बहिणीच्या पोरीच्या आवळणार! मला दोन दिवस जेवण गेलं नाही गं. सामान बांधायला घे.

तुझी उर्सुल मावशी


रुआँ, २० ऑक्टोबर १७६६

लाडक्या मावशे,

थांब! हात जोडते, तो कागद थांबव! नको म्हणून नाही गं. तुझं पत्र वाचून मी जिन्यावरून ओरडत खाली गेले, घरमालकिणीला वाटलं आग लागली. पण हुकूम आत्ता आला तर माझं वाटोळं होईल.

मी लग्न करतेय. झालं, लिहिलं एकदाचं. त्याचं नाव आंसेल्म. इथल्या भांड्यांच्या कारखान्यात ताटांवर पक्षी रंगवतो. बोलतो कमी, हसतो उशिरा, पण हसला की अख्खी खोली हसते. तू रागावशील म्हणून चार महिने लिहिलं नाही. आता रागाव, पण ऐक.

नाटकवाल्यांना चर्चचे सगळे दरवाजे बंद असतात हे तुला मी काय सांगणार? आंसेल्मची आई म्हणते, चर्चमध्ये लग्न झालं तरच सून. मग काल रविवारी मी फादर ओबेर यांच्यापुढे कागदावर सही केली: "मी नाटक सोडले आहे, पुन्हा रंगमंचावर पाय ठेवणार नाही." आमच्या मंडळीत सगळेच असं करतात. सही करायची, लग्न लावून घ्यायचं, आणि मग वरून हुकूम आला की खांदे उडवून परत उभं राहायचं. मी कुठे गेले? मला तर राजाने बोलावलं! राजाचं ऐकणं हे काही पाप नाही.

पण त्यासाठी हुकूम लग्नानंतर यायला हवा ना! आधी आला तर फादर म्हणतील, बाई एका हाताने सही करते आणि दुसऱ्या हाताने ट्रंक भरते. येत्या रविवारपासून तीन रविवार चर्चमध्ये आमची नावं वाचतील, कुणाची हरकत असेल तर कळावी म्हणून, मग लग्न. तेवढे दिवस काढ. मला दोन्ही हवंय मावशे, आंसेल्म पण आणि पॅरिस पण. सही करताना, कागद खोटा आहे हे माहीत असूनसुद्धा असं वाटलं, कुणीतरी माझी जीभ काढून घेतंय.

तुझीच, (मार खायला तयार) पेरीन


फोंतेनब्लो, २४ ऑक्टोबर १७६६

कार्टे,

चार महिने! चार महिने तू मला पावसाबद्दल आणि मॅनेजरच्या दातदुखीबद्दल लिहीत होतीस!

बरं. रागावून झालं. आता काम. तुझं पत्र पोचलं तेव्हा हुकूम सहीसाठी ड्यूकांच्या टेबलावर जायला निघाला होता. मी प्लुव्हिनेसाहेबांच्या खोलीत अशी शिरले की त्यांच्या हातातली लेखणी पडली. त्यांनी कागद ढिगाच्या तळाशी सरकवला. बदल्यात त्यांच्या बायकोचा लग्नातला झगा मी कमरेत सैल करून देणार आहे, आणि बाई लग्नानंतर चांगल्याच सुखात दिसतात. हुकूम नोव्हेंबर संपेपर्यंत हलणार नाही.

आता खरं सांगते. कीर्तीबिर्ती काही पसरली नव्हती. सहा महिने मीच रोज प्लुव्हिनेसाहेबांचं डोकं खातेय, शेवटी कंटाळून त्यांनी मसुदा लिहिला.

आणि तू एक गोष्ट पत्रात लिहिलीच नाहीस. लग्नानंतर पॅरिसला जायचंय हे आंसेल्मला सांगितलंस का? लिहिलं नाहीस म्हणजे सांगितलं नसणार. ओळखते मी तुला. आजच्या आज सांग.

ब्लेझची गोष्ट तुला तुझ्या आईने अर्धीच सांगितली असेल. आमच्या मंडळीत म्हाताऱ्या बापाची कामं करायचा. एकोणीस वर्षं आम्ही एका छताखाली राहिलो. त्याला त्या कागदावर सही करवेना. म्हणायचा, खोटं बोलायचे मला रंगमंचावर पैसे मिळतात, चर्चमध्ये फुकट कशाला बोलू? मला तेव्हा फार कौतुक वाटायचं. तो गेला तेव्हा पाद्री आला नाही, घंटा वाजली नाही. लाकडाच्या वखारीमागे पुरला त्याला, सकाळी सहाला, कुणी बघायच्या आत. म्हणून सांगते, सही केलीस ते बरं केलंस. तुझ्यासाठी घंटा वाजलीच पाहिजे.

उर्सुल मावशी


रुआँ, ३ नोव्हेंबर १७६६

मावशे,

सगळं मुसळ केरात गेलं!

फादर ओबेर आम्हाला वाटले तितके भोळे नाहीत. गेल्या वर्षी त्यांनी आमच्या नायकाचं लग्न लावलं. चौथ्या दिवशी तो हुकूम दाखवून पुन्हा रंगमंचावर, आणि तेही पाद्र्यांची टिंगल करणाऱ्या नाटकात! त्याच्या आदल्या वर्षी आमच्या गायिकेनेही तेच केलं. काल आमच्या नावांचा दुसरा रविवार झाला आणि फादरनी मला आत बोलावलं.

म्हणाले, "पोरी, तुझी सही माझ्याकडे आहे. पण तुझ्या सहीची किंमत ज्याच्या हातात आहे त्याची सही कुठे आहे?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे राजाच्या मंडळीवर ज्यांचा हुकूम चालतो त्या ड्यूकांची. आम्ही हिला कधी बोलावणार नाही, असं त्यांनी लिहून द्यावं. त्यांचं पत्र आणलंस तर तिसऱ्यांदा नावं वाचतो. नाही आणलंस तर नाही."

आणि ३० तारखेला नाताळाआधीचा आगमनकाळ लागतो. मग सहा जानेवारीपर्यंत लग्नं बंद. आंसेल्मची आई आत्ताच म्हणायला लागलीये की देवालाच हे पसंत नसेल.

मी आंसेल्मला सगळं सांगितलं. खोटा कागद, पॅरिस, सगळं. तो ताटावर कोंबडा रंगवत होता. त्याने कुंचला थांबवला नाही. मग म्हणाला, "पेरीन, तुमच्या मंडळीतला प्रत्येक जण असंच करतो हे अख्ख्या रुआँला माहीत आहे. मी काय आकाशातून पडलो?" मग आणखी थोड्या वेळाने, "पॅरिसची माणसं ताटात जेवतात ना? मग मला काम मिळेल." मी रडायलाच लागले. बघते तर कोंबड्याला तीन पाय झाले होते.

आता तूच सांग. ड्यूकांनी वचन दिलं तर पॅरिस गेलं. नाही दिलं तर हा तीन पायांचा कोंबडा रंगवणारा गेला. मी कुणाला सोडू?

पेरीन


फोंतेनब्लो, ११ नोव्हेंबर १७६६

पेरीन,

कुणालाही सोडू नकोस. पत्रासोबतचं दुसरं पाकीट जपून ठेव, शिक्का मोडू नकोस, तो फादरना मोडू दे. आत यंदाच्या ड्यूकांची सही आहे: पेरीन ओदुएँ हिला आम्ही रंगमंचावर बोलावणार नाही.

ओरडू नकोस! पुढे वाच!

तुझं पत्र आलं तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. मग मी नायिकेच्या झग्याला मोती शिवत बसले, आणि शिवताना मला नेहमी सुचतं. आमचे धनी चार. यंदाच्या ड्यूकांचा अंमल ३१ डिसेंबरला संपतो. एक जानेवारीला दुसरे ड्यूक बसतात. आणि या दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य आहे. राजाला सकाळी सदरा कुणी द्यायचा यावरून तीन वर्षांपूर्वी भांडले, तेव्हापासून एकाने हो म्हटलं की दुसऱ्याचं नाही ठरलेलं.

झग्याचं माप दाखवायच्या निमित्ताने मी यंदाच्या ड्यूकांपुढे गेले. नाकासमोर बघत म्हटलं, "साहेब, रुआँच्या त्या पोरीचा हुकूम राहिला तरी चालेल, ती लग्नासाठी तुमचं न बोलावण्याचं पत्र मागतेय. पुढच्या वर्षीच्या साहेबांची तिच्यावर फार नजर आहे म्हणतात, ते बोलावतीलच."

ड्यूक वळले. "कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात साहेब."

"तिला लग्नासाठी आमचं पत्र हवंय ना? आण इकडे. कुणी बोलावत नाही तिला!" आणि अशी दाबून सही केली की कागद फाटता फाटता वाचला.

बघ, त्यात "आम्ही" लिहिलंय. आम्ही म्हणजे ते. एक जानेवारीला "आम्ही" म्हणजे दुसरेच कुणी. तू लग्न कर, मी दुसऱ्या ड्यूकांकडे बघते. पण फादरपुढे चेहरा सरळ ठेव. एवढी नटी आहेस ना?

मावशी


रुआँ, २७ नोव्हेंबर १७६६

मावशे, मावशे, मावशे!

परवा झालं! घंटा वाजली! मी मुद्दाम मोजत होते, बेचाळीस ठोके, आणि प्रत्येक ठोक्याला तुझी आठवण आली. ब्लेझकाकांचीही, त्यांना मी पाहिलंसुद्धा नाही.

जेवणात बदक होतं, सफरचंदांची दारू होती, आणि आंसेल्मच्या आईने केलेला सफरचंदांचाच एवढा मोठा केक. सासूबाई नाचल्या! आमच्या मॅनेजरबरोबर! त्या दिवसापर्यंत त्याच्याकडे बघताना त्या हातातली जपमाळ घट्ट धरायच्या.

फादरनी ड्यूकांचं पत्र दोनदा वाचलं, उजेडात धरलं, शिक्का बोटाने चाचपला. मी चेहरा सरळ ठेवला होता, अगदी देवाशपथ. लग्न लागलं, वहीत सह्या झाल्या, मग सगळे बाहेर पडताना त्यांनी मला दारात थांबवलं.

"पेरीन, पॅरिसचे आर्चबिशप चौघांच्या सह्या मागतात. चौघांच्या, कळलं? मी एकाचीच मागितली."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ते पुढे म्हणाले,

"आता कुणी विचारलं तर मी सांगेन, मी पत्र मागितलं होतं आणि मला ते मिळालं. पुढचं राजाने बघावं. पण एक लक्षात ठेव. जोवर रंगमंचावर आहेस तोवर माझ्याकडे प्रसादाला येऊ नकोस. मला तो देता येणार नाही, आणि नाही म्हणायला मला आवडणार नाही."

मी त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं तर त्यांनी हात झटकला आणि ओरडले, "जा आता, बदक गार होतंय!"

मला आनंद झालाय आणि वाईटही वाटतंय, दोन्ही एकदम. पण आनंद जास्त. आता तुझ्या दुसऱ्या ड्यूकांचं काय? मॅनेजर रोज विचारतो आणि मी रोज म्हणते, मी? मी तर नाटक सोडलंय!

तुझी विवाहित भाची


पॅरिस, ४ जानेवारी १७६७

पेरीन बाळा,

हुकूम तुझ्या हातात पडला असेलच! एक तारखेला सकाळी नव्या ड्यूकांनी पहिली सही केली ती तुझ्या कागदावर. डिसेंबरभर मी त्यांच्या बायकोच्या दासीला एकच गोष्ट सांगत होते, की जुन्या ड्यूकांनी रुआँची एक रत्नासारखी पोर तुम्हाला मिळू नये म्हणून तिची वाट लिहून बंद केलीये. झालं, भडकले! प्लुव्हिनेसाहेब म्हणाले, सही करताना शीळ घालत होते.

आता दुसरी बातमी. घाबरू नकोस. मी तुरुंगात आहे.

प्लुव्हिनेसाहेबांच्या बायकोने नव्या सैल झग्यात बसून चारचौघींत सगळी हकीकत सांगितली, आणि ती जुन्या ड्यूकांपर्यंत पोचली, ३१ तारखेला दुपारी. त्यांच्या हातात सत्ता उरली होती ती अर्धा दिवस. त्यांनी जी शेवटची सही केली ती माझ्यावर: उर्सुल, वेशकार, उद्धटपणाबद्दल आत. किती दिवस ते लिहिलंच नाही.

मी नव्या ड्यूकांना निरोप धाडला. उत्तर आलं, हे आपल्याला मोडता येत नाही. एकमेकांच्या शिक्षा मोडायच्या नाहीत असं चौघांचं ठरलंय, नाहीतर उद्या त्यांनी आत टाकलेल्यांना बाकीचे सोडतील. म्हणजे एका ड्यूकचा शब्द दुसऱ्याला बांधत नाही, पण एका ड्यूकने लावलेलं कुलूप दुसरा उघडत नाही! वाच आणि हस. मी हसले.

इथे फार वाईट नाही. आमची माणसं वर्षातून दोनदा इथे येतातच. शिक्षा झालेल्या नटालाही प्रयोगाला शिपायाबरोबर गाडीतून नेतात आणि परत आणून कोंडतात, कारण तुरुंग राजाचा आणि नाटकही राजाचं. मला तुझ्या पहिल्या प्रयोगाला न्यायचं कबूल केलंय. तुझ्या नाड्या मीच बांधणार!

मावशी


पॅरिस, १५ जानेवारी १७६७, दुपारी

मावशे,

हे पत्र घाईत लिहितेय, समोर एक माणूस थांबलाय. त्याचं नंतर सांगते, आधी काल तू गेल्यावर काय झालं ते.

तू शेवटची गाठ मारलीस, माझ्या गालाला चिमटा काढलास, आणि तो शिपाई म्हणाला, "हुकूम कपडे घालण्यापुरता आहे." पडदा उघडायच्या आत तुला घेऊनही गेला! मी विंगेत उभी राहून तुझ्या पाठीकडे बघत होते. इतका राग आला, इतका राग आला, की रंगमंचावर गेले ती त्या रागातच. पहिलंच वाक्य मालकाला टोमणा मारायचं होतं. मी ते असं फेकलं की खाली उभ्या असलेल्या हजारभर माणसांचा एकदम हशा! मग मी काय बोलले, कुठे फिरले, मला काही आठवत नाही. शेवटी ओरडत होते मावशे, टाळ्या नाही, ओरडत होते! आंसेल्म त्यांच्यात उभा होता. कुणीतरी त्याची टोपी हवेत उडवली, ती अजून सापडली नाही.

मग नवे ड्यूक पडद्यामागे आले. सगळी मंडळी रांगेत. मला म्हणाले, "आम्ही खूश आहोत. शनिवारी पुन्हा हेच. काय हवं ते माग."

मी म्हटलं, "माझी मावशी."

त्यांनी तोंड वाकडं केलं. "ते आमच्या हातात नाही. दुसरं काही माग."

"मग साहेब, शनिवारी मी उतरणार नाही. नाड्या मावशीच बांधेल, आणि मोकळी होऊन बांधेल."

"तुला समजतंय का? हा राजाचा हुकूम आहे."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग राजाने यावं आणि माझ्या नाड्या बांधाव्यात."

 थोरल्या बाईंनी दोन्ही हात तोंडावर ठेवले, भीतीने नाही, हसू दाबायला. ड्यूक पाठ फिरवून निघून गेले.

तो थांबलेला माणूस कोण ते आता कळलंच असेल. सकाळी कागद घेऊन आला: पेरीन, नटी, उद्धटपणाबद्दल आत. भला गृहस्थ आहे, कॉफी पितोय, आंसेल्मने रंगवलेला पेला उजेडात धरून बघतोय. आंसेल्म माझी पिशवी भरतोय आणि आज पहिल्यांदा लवकर हसलाय.

मला अजिबात भीती वाटत नाहीये गं. काल ज्या माणसाला सगळी मंडळी घाबरत होती त्याला मी हवी आहे, इतकी हवी आहे की मला बंद करूनसुद्धा रोज बाहेर काढावं लागणार. शनिवारचे सगळे सज्जे विकले गेलेत. म्हणजे मला न्यावंच लागेल, आणि माझ्या अंगावर कपडे चढवायला तुला न्यावंच लागेल.

तेव्हा पलंगाची एक बाजू मोकळी कर, चारपर्यंत येते. आणि त्या शिपायाला आजच सांगून ठेव, शनिवारी पडदा उघडताना तुला कुणी परत नेऊ शकणार नाही. तू विंगेत उभी राहून नाटक शेवटपर्यंत बघणार आहेस. दोघींना परत कोंडायला न्यायचंय, आणि गाडी एकच आहे.

तुझी पेरीन